पिंजरा, पोपट आणि श्रावकाचे व्रत

कोल्हापुरातील जुन्या वाड्यांच्या सोप्यात पोपटाचा पिंजरा टांगलेला असे. आज वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे. म्हणून हौशी कुटुंबांची दृष्टी परदेशी पक्ष्यांकडे वळते. एक्लेक्टस हा त्यांपैकीच एक. न्यू गिनी, सॉलोमन बेटे व ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक ही त्याची मायभूमी. नर हिरवागार, तर मादी लाल-निळी. १९ व्या शतकातील अभ्यासकांनी या दोघांना निरनिराळ्या जाती मानले होते.

रूपावर भुलण्यापूर्वी त्याची गरज जाणून घ्यावी. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर हा पक्षी निरोगी राहत नाही. त्याचा मुख्य आहार फळांचा. पपई, पेरू, डाळिंब, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग त्याला मानवतात. 'अ' जीवनसत्त्वासाठी गाजर, रताळे द्यावे असे सांगितले जाते. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरी तांबडा भोपळा व पपई तीच गरज भागवतात. चॉकलेट, चहा व अॅव्होकॅडो त्याला विषासमान. रात्री १० ते १२ तास अंधार व शांतता हवी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराशी हा दिनक्रम सहज जुळतो. नॉनस्टिक भांडे अति तापल्यास निघणारा वायू त्याचा प्राण घेऊ शकतो. धूप-उदबत्तीचा धूरही त्याच्यापासून दूर ठेवावा.

खरी अडचण वेळेची आहे. गुजरीतील पेढी असो वा लक्ष्मीपुरीतील दुकान, कर्ती माणसे सकाळी बाहेर पडतात ती रात्रीच परततात. दिवसभर एकटा पडलेला पोपट स्वतःचीच पिसे उपटू लागतो. शिवाय त्याचे आयुष्य ३० वर्षे किंवा त्याहूनही अधिक असते. आजोबांनी आणलेला पक्षी नातवाच्या संसारापर्यंत सोबत करील. त्याची जबाबदारी कोण घेणार, हे आधीच ठरवावे लागते.

कायद्याचीही बाजू आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी पक्ष्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. मालकी बदलली, पिल्लू जन्मले वा पक्षी दगावला, तरी कळवावे लागते. बिलाविना, नोंदीविना होणारा व्यवहार प्रामाणिक व्यापाऱ्यास शोभणारा नाही.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद, अतिभारारोपण व अन्नपाननिरोध येतात. दाणापाणी वेळेवर दिले की पाचवा टळतो. पण पंख पसरता न येणारा पिंजरा हा बंधच, आणि उडू नये म्हणून पिसे कापणे छेदाच्या वाटेवर नेते. हौसेने नवा पक्षी विकत घेतला की बाजारात त्याच्या जागी दुसरा पिंजऱ्यात येतो.

मग पिंजरा उघडून त्याला रंकाळ्याकाठी सोडून द्यावे काय? दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालयातून बरे झालेले पक्षी आकाशात सोडले जातात, ते इथल्याच मातीतले असतात. बंदिवासात जन्मलेला एक्लेक्टस मात्र इथे अन्न शोधू शकणार नाही. अशी सुटका म्हणजे मृत्यूच.

मधला मार्ग एकच. मालकाला सांभाळणे अशक्य झालेला पक्षी रीतसर नोंद करून घरी आणावा, खोलीभर उडू द्यावे, आणि त्याच्या अखेरपर्यंत सोबत करावी. विकत घेतलेला पोपट परिग्रहात भर घालतो. असा निराधार जीव सांभाळणे ही जीवदया.