देव मेंढरांमागून येतो

धर्माचा अभ्यासक दैवताची कथा, विधी आणि भक्ताच्या मनातला भाव शोधतो. भूगोलाचा अभ्यासक त्याच दैवताचे ठाणे कोणत्या नदीकाठी, किती पावसाच्या मुलुखात, कोणत्या वाटेवर वसले आहे हे पाहतो. डेव्हिड सोफर यांनी १९६७ साली धर्मांच्या भूगोलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु या दोन शास्त्रांमधली सरहद्द किती पुसट आहे हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने पुरंदर तालुक्यातल्या वीर गावची वाट धरावी.

वीरचा म्हसकोबा मूळचा परांड्याकडल्या सोनारीचा. कमळाजी धनगर त्याच्या दर्शनाला दरसाल तिकडे जात असे, आणि वार्धक्याने त्याचे पाय थकले तेव्हा देवच भक्तामागून नीरेच्या खोऱ्यात येऊन राहिला, अशी आख्यायिका आहे. भक्तवात्सल्याची कथा म्हणूनही ती हृद्यच आहे. पण पर्जन्यछायेतले कोरडे माळ, पावसाळा सरताच कळप घेऊन पश्चिमेकडे उतरणारे धनगरांचे वाडे आणि खतासाठी शेतात मेंढरे बसवून धान्य देणारा कुणबी, हे सारे डोळ्यांसमोर ठेवले की त्याच कथेत पिढ्यानुपिढ्यांच्या स्थलांतराची वहिवाट उमटलेली दिसते.

पुण्याभोवतीच्या टेकड्या पायांखाली घालणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मातृदेवतांची ठाणी प्राचीन वाटांच्या तिठ्या-चौकांशी जोडून दाखविली. हायडेलबर्गच्या गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या सहवासात त्यांच्या ओव्या ऐकल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांच्यावर जर्मन भाषेत ग्रंथ सिद्ध केला. वन आणि क्षेत्र, म्हणजे कुरणांचा रानवट प्रदेश आणि नांगराखालची वसती, या जोडीने त्यांनी आमची ही लोकदैवते उलगडली. आमच्या देवघराचा इतका आपुलकीने शोध घेणाऱ्या या परदेशी पंडिताचे ऋण मला फार मोठे वाटते.

वन-क्षेत्राची ही जोडी खंडोबाच्या जेजुरीत दगडांतच बांधलेली आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, नेवाशाची, म्हणजे पेठेची आणि गावगाड्याची लेक. बाणाई धनगराची, रानातली. एकाच देवाच्या या दोन संसारांत शेतकरी आणि मेंढपाळ यांचे सोयरेपण, तसेच सवतींच्या भांडणाच्या गाण्यांतून त्यांची तेढही, नांदत आली आहे. गड चढणाऱ्याला अर्ध्या वाटेवर बाणाई भेटते. म्हाळसा वर, देवाशेजारी.