आजोबांच्या ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर ओळखताना

दुसऱ्या महायुद्धात कल्याण कॅम्प ही लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या फौजी घरांतून त्या काळच्या शस्त्रांबद्दल आजही विचारणा होते.

मधून मोडून उघडणारं, हाताला जड असेल तर वेब्ली किंवा एनफिल्ड समजा. वेब्ली मार्क ६ पहिल्या महायुद्धातलं, १९१५ चं, .४५५ बोअरचं. एनफिल्ड नंबर २ हे १९३२ चं, .३८ चं, घोड्याला अंगठ्याचा काटा नसेल तर १९३८ नंतरची सुधारित आवृत्ती. सिलिंडर बाजूला उघडत असेल आणि सीरियल नंबरच्या आधी V असेल, तर अमेरिकन स्मिथ अँड वेसनचं 'व्हिक्टरी'. धातूवर ठोकलेल्या बाणाच्या ठशाखाली I अक्षर दिसलं की ते हिंदुस्थान सरकारच्या मालकीचं होतं. हा छोटा ठसा माझा सर्वांत आवडता!

मोल ठरतं ते बॅरल, फ्रेम, सिलिंडरवरचे नंबर जुळण्यावर आणि मूळ रंगावर. पॉलिश केलंत की किंमत गेली. पण आपल्याकडे .३८ आणि .४५५ हे प्रतिबंधित बोअर आहेत, परवाना केंद्रीय गृहमंत्रालय देतं. म्हणून परदेशी लिलावातले आकडे इथे लावू नका.

परवान्याशिवाय असं काही सापडलं तर उघडू नका, फोटो टाकून गिऱ्हाईक शोधू नका. हात न लावता आधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.