बेस गिटारवरील फंक वादन : स्थिर लय आणि दबलेल्या स्वराचे तंत्र

बीजशब्द : बेस गिटार, फंक, बंद बोल, मूक आघात, लय, अवमंदन

प्रस्तावना

मराठीत ‘तेच तुणतुणे वाजवणे’ हा वाक्प्रचार दोषदर्शक मानला जातो. परंतु पोवाडा, गोंधळ आणि तमाशा या लोककलांत तुणतुण्याची एकच तार अखंड एका लयीत छेडली जाते आणि तिच्या आधारावरच शाहिराचा आवाज मोकळेपणाने फिरू शकतो. आधुनिक वाद्यवृंदात हेच कार्य बेस गिटार करते. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांचे वाद्यवृंद उभे राहतात, तेव्हा गिटार, ड्रम आणि गायन यांसाठी चढाओढ असते; बेस गिटार मात्र अनेकदा उरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती येते. गाणे विस्कळीत झाल्यास दोष ड्रमवादकाला दिला जातो. प्रत्यक्षात बेसचे स्वर वेळेवर न थांबणे हे त्याचे एक प्रमुख कारण असते. प्रस्तुत लेखात फंक शैलीतील बोटांनी वाजवल्या जाणाऱ्या, स्थिर व दबलेल्या बेसवादनाचे तंत्र स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस हे वाद्य बाजारात आणले. फ्रेट असलेल्या या विद्युत वाद्यामुळे मोठ्या उभ्या बेसची जागा हातात धरता येण्याजोग्या गिटारने घेतली. या वाद्याच्या घोडीवरील धातूच्या आवरणाखाली तारांना स्पर्श करणारा मऊ पदार्थ बसवलेला असे. तारेचा नाद आटोपशीर ठेवण्याची गरज वाद्य घडवतानाच लक्षात घेतली गेली होती, हे यावरून दिसून येते. मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेचे वादक जेम्स जेमरसन (१९३६-१९८३) यांनी उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवून या वाद्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली.

१९६० च्या दशकात जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदात फंक शैली आकारास आली. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरील ठाम आघात हे तिचे लक्षण होय. भारतीय संगीतातील समेची कल्पना असलेल्या वाचकास हे सहज उमगेल. ऑकलंड येथील ‘टॉवर ऑफ पॉवर’ या वाद्यवृंदाचे बेसवादक रोको प्रेस्टिया (निधन २०२०) यांनी जलद, समान अंतराच्या आणि अर्धवट दाबलेल्या स्वरांची पद्धत विकसित केली. १९७३ मधील ‘व्हॉट इज हिप?’ ही या वाद्यवृंदाची रचना या तंत्राचा आदर्श मानली जाते.

महाराष्ट्रात बेस गिटार प्रामुख्याने मुंबईच्या चित्रपटसंगीतातून रुजली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे नाव या संदर्भात घ्यावे लागते. मुंबईत १९९६ मध्ये जन्मलेल्या मोहिनी डे यांनी वडिलांकडून या वाद्याचे प्राथमिक धडे घेतले आणि पुढे आंतरराष्ट्रीय ख्याती मिळवली.

नाद थांबवण्याचे शास्त्र

बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. म्हणजे एका कंपनास सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार समान भाग केले, तर प्रत्येक भाग १५० मिलिसेकंदांचा होतो. एवढ्या अवधीत ही तार जेमतेम सहा कंपने पूर्ण करते. मोकळ्या तारेचा नाद मात्र कित्येक सेकंद टिकतो. साहजिकच मागचा स्वर थांबवला नाही, तर तो पुढील स्वरात मिसळतो आणि ऐकणाऱ्यास केवळ घुमारा जाणवतो.

या पट्ट्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास हे तत्त्व वाहनाच्या उदाहरणाने समजावता येईल. स्प्रिंग धक्का झेलते, परंतु तिचे वरखाली होणे शॉक अ‍ॅब्सॉर्बर थांबवतो. तो निकामी झाल्यास गाडी खड्डा ओलांडल्यावरही हिंदकळत राहते. तार ही स्प्रिंग मानल्यास डावा हात हा तिचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर होय. यंत्रशास्त्रात यालाच अवमंदन म्हणतात.

याच परिसरातील देहू-आळंदीच्या वारकरी परंपरेत मृदंगाला मानाचे स्थान आहे. चर्मवाद्यांच्या अध्यापनात खुले बोल आणि बंद बोल असा भेद आरंभापासून शिकवला जातो. तबल्यावरील ‘घे’ घुमतो, तर ‘के’ पुडीवरच विरतो. केवळ खुल्या बोलांनी ठेका उभा राहत नाही. फंक बेसमध्येही दाबलेला, स्वरहीन आघात हा बंद बोलाचेच काम करतो. त्यास येथे ‘मूक आघात’ असे म्हटले आहे.

दोन्ही हातांचे कार्य

उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर किंवा जाड तारेवर टेकवावा. तर्जनी व मध्यमा यांनी आळीपाळीने तार छेडावी आणि छेडणारे बोट पुढच्या जाड तारेवर विसावू द्यावे. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत चौगुणीने वाजवताना एकूण ४०० आघात होतात. म्हणजे प्रत्येक बोटाच्या वाट्याला २०० येतात. जोर लावून हे साधत नाही. आवाज वाढवायचा तो अ‍ॅम्प्लिफायरवर. बोटे हलकीच राहिली पाहिजेत.

डाव्या हाताचे कार्य अधिक सूक्ष्म आहे. स्वर वाजल्यावर बोटाचा दाब सोडावा, मात्र तारेचा स्पर्श सोडू नये. तार फ्रेटपासून सुटताच नाद थांबतो. मूक आघातासाठी किमान दोन, शक्यतो तीन बोटे तारेवर हलकेच टेकलेली असावीत. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या वर एकाच बोटाचा स्पर्श झाल्यास तारेच्या अनुक्रमे चौथ्या, तिसऱ्या किंवा निम्म्या भागावर निस्पंद बिंदू तयार होतो आणि नको असलेला उपस्वर उमटतो. अनेक विद्यार्थी हा वाद्याचा दोष समजतात. तो बोटांच्या मांडणीचा दोष असतो.

सरावाचा क्रम

पहिल्या टप्प्यात मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवून केवळ मूक आघात वाजवावेत. प्रत्येक मात्रेत चार, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात सोळा आघात होतील. सर्वांची तीव्रता सारखी असावी.

दुसऱ्या टप्प्यात फक्त समेचा आघात स्वरासह वाजवावा व उर्वरित पंधरा मूक ठेवावेत. हे स्थिरावल्यावर एकेक स्वर वाढवावा. उजव्या हाताची गती यात कोठेही बदलत नाही. कोणता आघात बोलेल आणि कोणता मूक राहील, हे डावा हात ठरवतो.

तिसऱ्या टप्प्यात मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरावा, जेणेकरून सम विद्यार्थ्याला स्वतः सांभाळावी लागेल. भ्रमणध्वनीवर वादन मुद्रित करून ऐकल्यास आघातांमधील असमानता लगेच कळते. ती दूर झाल्यावरच लय चार-चारने वाढवावी.

मनगट वाकवून आणि मान घट्ट आवळून वाजवण्याची सवय लागल्यास स्नायूबंधांवर ताण येतो. वेदना होताच वादन थांबवावे. वेदना सोसणे म्हणजे साधना, हा समज शिक्षकांनी वेळीच दूर करणे आवश्यक आहे. अन्यथा होतकरू विद्यार्थी पहिल्याच वर्षी वाद्य खाली ठेवतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, फंक बेसवादनातील स्थिरता बोटांच्या वेगापेक्षा नाद वेळेवर थांबवण्यावर अधिक अवलंबून आहे. या सरावासाठी महागडी साधने लागत नाहीत. मूक आघात अ‍ॅम्प्लिफायरविनाही करता येत असल्याने वसतिगृहाच्या खोलीत, शेजाऱ्यांना त्रास न देता तो शक्य होतो. सांस्कृतिक विभागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनी बेस गिटारसाठी उरलेल्या विद्यार्थ्याऐवजी लयीची पक्की जाण असलेला विद्यार्थी निवडावा. तबला किंवा मृदंग शिकलेला विद्यार्थी या दृष्टीने विशेष उपयुक्त ठरू शकतो, कारण बंद बोलाचे मोल त्याला आधीच ठाऊक असते. वाद्यवृंदाच्या सरावातही प्रथम ड्रम आणि बेस या दोघांनाच एकत्र बसवावे. त्यांचे आघात एकमेकांत बसल्यानंतरच इतरांना सामील करून घेणे इष्ट ठरेल.