ऑप्शन बाजार आणि छोटा गुंतवणूकदार

भारतात निर्देशांकावरील वायदे व्यवहार जून २००० मध्ये आणि ऑप्शनचे व्यवहार २००१ मध्ये सुरू झाले. भावातील चढउतारापासून संरक्षण मिळावे, हा या साधनांचा मूळ हेतू. छोट्या गुंतवणूकदाराच्या हाती मात्र ती प्रामुख्याने सट्ट्याची साधने ठरली.

याचे कारण ऑप्शनच्या रचनेतच आहे. समजा, निर्देशांक २४,००० वर असून २४,२०० चा ‘कॉल’ ४० रुपये प्रीमियमला मिळतो आणि एका लॉटमध्ये ७५ एकके आहेत. खरेदीदार ३,००० रुपयांत सुमारे १८ लाख रुपये मूल्याच्या करारावर हक्क मिळवतो. मुदतीच्या दिवशी निर्देशांक २४,१८० वर बंद झाला, तर त्याचा तेजीचा अंदाज बरोबर ठरूनही सारे ३,००० रुपये बुडतात. नफ्यासाठी निर्देशांकाने २४,२४० ओलांडायला हवा, तोही मुदतीच्या आत. दिवसागणिक घटणारे हे कालमूल्य विक्रेत्याच्या पथ्यावर पडते. परंतु विक्रेत्याला मार्जिनसाठी मोठे भांडवल लागते आणि ते छोट्या माणसाकडे नसते.

‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतील होते. स्पर्धा परीक्षांच्या वाचकांनी हा आकडा केवळ पाठांतरासाठी वाचू नये. त्याच वर्षी दलालसंस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३,००० कोटी व परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे २८,००० कोटी रुपये ढोबळ नफा मिळवला. त्यातील ९६-९७ टक्के नफा संगणकीय प्रणालींद्वारे झालेल्या व्यवहारांतून आला. नियमांचे पुस्तक सर्वांना एकच होते. वेग, माहिती व भांडवल मात्र एकसारखे नव्हते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सेबी’ने कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले, साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक बाजारात एकाच प्रमुख निर्देशांकापुरते मर्यादित केले आणि मुदतीच्या दिवशी विक्रेत्यांकडून २ टक्के जादा मार्जिन घेण्याचे ठरवले. यांपैकी पहिला उपाय वादग्रस्त आहे. प्रवेशाची किंमत वाढवणे म्हणजे छोट्या गुंतवणूकदाराला दाराबाहेर ठेवणे, असा आक्षेप घेतला जातो व तो अगदीच निराधार नाही. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्या खेळात दहापैकी नऊजण हरतात, त्याचे तिकीट स्वस्त ठेवणे यास समान संधी म्हणता येणार नाही. साप्ताहिक करारांवरील मर्यादा अधिक महत्त्वाची वाटते, कारण मुदतसमाप्तीच्या दिवशीच सट्ट्याला ऊत येतो.

२०२४-२५ मध्येही ९१ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात राहिले आणि त्यांचा निव्वळ तोटा सुमारे १.०६ लाख कोटी रुपयांवर गेला. मात्र नवे उपाय नोव्हेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्या वर्षाचे निम्म्याहून अधिक महिने जुन्याच नियमांखाली गेल्याने केवळ या आकड्यावरून त्यांचे यशापयश ठरवता येत नाही.