निंजाला: च्युइंगगमची तलवार आणि आपले गैरसमज

‘पोरगं दिवसभर ते निंजाचं कार्टून खेळतंय.’ शिरवळच्या एखाद्या घरातून हे वाक्य कानावर आलं तर कुणी दचकणार नाही. पडद्यावर हलणारं रंगीत काहीही म्हणजे कार्टून, हातात धरून खेळायचं काहीही म्हणजे मोबाइल, हा आपला सरसकट हिशेब. निंजाला या जपानी खेळापुढे तो दोन्ही बाजूंनी कोलमडतो.

खेळ गंगहो ऑनलाइन एंटरटेनमेंट या कंपनीचा. 2018 च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात तो जाहीर झाला आणि 24 जून 2020 रोजी, अर्धं जग घरात कोंडलेलं असताना, निंटेंडो स्विच या खेळयंत्रावर आला. यातले निंजा फुगे फुगवणारा गम चघळतात. बटण दाबून धरलं की फुगा मोठा होतो आणि त्याचंच शस्त्र बनतं: तलवार, हातोडा, बॅट, अगदी यो-यो सुद्धा. फुगा जितका मोठा तितकं शस्त्र जबर. तोच गम प्रतिस्पर्ध्यावर मारून त्याला जागीच चिकटवताही येतं. भिंतीवरून धावायचं, अंगावर आलं की एखादी वस्तू बनून लपायचं, असा सगळा आचरटपणा. हे पाहून ‘मुलांना मारामारी शिकवतात’ म्हणणाऱ्यांनी एक फेरी तरी बघावी. रक्ताचा थेंब नाही.

मग लोक म्हणतात, हा पबजीचाच भाऊ. आठ जण मैदानात उतरतात आणि त्या प्रकाराचं नावही बॅटल रॉयल आहे, म्हणून हा घोळ होतो. पबजीत मेला तो बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. निंजालात चितपट झालेला पुन्हा उभा राहतो. वेळ संपते तेव्हा ज्याचे गुण जास्त तो विजयी, आणि गुण माणसं पाडून जसे मिळतात तसे मैदानातले ड्रोन फोडूनही मिळतात. नुसत्या रंगांवरून त्याला निंटेंडोच्या स्प्लॅटूनची नक्कल म्हणणारेही भेटतात. तिथे लांबून शाई उडवायची असते, इथे जवळ जाऊन भिडायचं असतं. दोघांचे वार एकमेकांवर आदळले की प्रत्येकाने गुपचूप एक दिशा निवडायची आणि ज्याचा अंदाज बरोबर त्याची सरशी.

कार्टून आधी आणि त्यावरून खेळ, हा समज मात्र मुलांपेक्षा पालकांचा जास्त. त्याला कारणही आहे. आपल्याकडे निंजा शिरला तो टीव्हीतून, हातोरीच्या रूपाने. हातोरीची चित्रकथा जपानमध्ये 1964 साली सुरू झाली, तिच्यावरची गाजलेली मालिका 1981 मध्ये आली आणि आपल्याकडच्या मुलांना तो निक वाहिनीवर हिंदीत भेटला. इथे तो इतका रुळला की 2013 ची नवी हातोरी मालिका शिन-एई या जपानी स्टुडिओने मुंबईच्या रिलायन्स मीडियावर्क्सबरोबर मिळून काढली. निंजालाची दिशा उलटी आहे: खेळ 2020 चा, टीव्हीवरची अ‍ॅनिमे मालिका जानेवारी 2022 पासूनची. तिचं अ‍ॅनिमेशन ओएलएम स्टुडिओचं, म्हणजे ज्यांनी पोकेमॉन केलं तेच. आणि पोकेमॉनही मुळात खेळच होता, 1996 चा. मालिका पुढच्या वर्षी आली. भारतात 2003 मध्ये ती कार्टून नेटवर्कवर आधी पोचली, म्हणून इथल्या एका पिढीला वाटत राहिलं की पिकाचू टीव्हीत जन्मला.

आता खुद्द निंजाबद्दल. काळे कपडे, डोळ्यांपुरती उघडी पट्टी, धुराचा लोट आणि माणूस गायब: हे चित्र बरंचसं रंगभूमीने घडवलं. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात काळ्या कपड्यांतले मदतनीस रंगमंचावर वावरतात आणि ते दिसत नाहीत असं प्रेक्षकांनी मानायचं असतं. न दिसणाऱ्या हेराला तोच वेश चढला. खरे निंजा, म्हणजे शिनोबी, जपानमधल्या इगा आणि कोगा या डोंगराळ मुलखांतले. इगा आजच्या मिए प्रांतात येतो. 1581 मध्ये ओदा नोबुनागा या जपानी सरदाराने मोठी फौज घालून इगा चिरडला. पुढे शंभरेक वर्षांनी, 1676 मध्ये, ‘बानसेनशुकाई’ हा शिनोबींच्या विद्येचा ग्रंथ संकलित झाला. या विद्येत उड्यांपेक्षा वेशांतर, बातमी काढणं आणि माणूस ओळखणं याला किंमत फार. भिक्षू, व्यापारी किंवा खेळ करणारा बनून गावात शिरायचं. भरदिवसा, चारचौघांसारख्या कपड्यांत.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे ऐकून शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक आठवले नाहीत तरच नवल. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात, आणि फकीर, वासुदेव, गोंधळी अशा त्यांच्या वेशांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. अर्थात गोष्टींचा पसारा मोठा आणि कागदोपत्री पुरावा तोकडा, ही अडचण इगाच्या शिनोबींचीही आहेच. म्हणून बहिर्जींना ‘मराठी निंजा’ म्हणायची हौस मला पटत नाही. डोंगराळ मुलूख, बलाढ्य शत्रू आणि बातमीची निकड असली की जगात कुठेही हेर तयार होतात. त्यासाठी शिरवळच्या सुभानमंगळ किल्ल्याला जपानी नाव द्यायची गरज पडत नाही.

‘फुकट आहे ना, मग फोनवर घे उतरवून,’ हा सल्ला सर्रास मिळतो. निंजाला फुकट आहे हे खरं, पण तो स्विचचा खेळ आहे, फोनचा नाही. फोनवर या नावाने कुणी फाइल देऊ केली तर ती घेऊ नये, इतकं साधं आहे. स्विच मात्र निंटेंडोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिसतो तो बाहेरून आणलेला माल, किंमत दुकानदार सांगेल ती. यातली गंमत अशी की शिरवळहून तासा-दीड तासावर, पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट 2020 मध्ये सगळ्यात आधी याच स्विचवर आला. निंजालानंतर दोन महिन्यांनी. पुण्यात घडलेला खेळ ज्या यंत्रावर आधी आला, ते यंत्र पुण्यात रीतसर विकतच मिळत नव्हतं.

शेवटचा समज पैशांचा, आणि तिथे पालकांची काळजी मला रास्त वाटते, फक्त तिचं बोट चुकीच्या जागी आहे. ‘ऑनलाइन खेळ म्हणजे जुगार, सरकारने बंदीही घातली,’ असं आता ऐकू येतं. ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ. ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे खेळ त्याच कायद्याने वेगळे काढले आहेत. निंजालात जिंकून दमडी मिळत नाही. जातात मात्र. ‘जाला’ हे खेळातलं चलन खरे पैसे देऊन घेता येतं, त्यातून पोशाख येतात. ठरावीक मोसमाचा पास असतो. एकट्याने खेळायच्या कथेचे भाग वेगळे विकत घ्यावे लागतात. पोशाखाने हात चालत नाही, पण बारा वर्षांच्या मुलाला तो हवाच असतो, आणि ‘फुकट’ खेळाचा धंदा नेमका त्या हवेपणावर चालतो. निंटेंडोचं पालकांसाठीचं अ‍ॅप आहे, त्यात रोजच्या वेळेची मर्यादा घालता येते. खरेदीही पालकांना रोखून ठेवता येते, पण ती सोय अ‍ॅपमध्ये शोधू नका. ती निंटेंडोच्या खात्यात आहे आणि स्वतः जाऊन चालू करावी लागते.