जमिनीची नावे व त्यांचे अर्थ

शेतीच्या व्यवहारात रोज तोंडी येणारे अनेक शब्द अर्थाचा विचार न करता वापरले जातात. वस्तुतः जमिनीस पडलेले नाव हे पूर्वीच्या शेतकऱ्यांच्या निरीक्षणाचे सार होय. ते नीट समजले, तर जमिनीचा दोष ओळखणे सुलभ होते. चुकीचे समजले, तर पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात. याच दृष्टीने छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा व एकंदर मराठवाडा येथील काही शब्दांचा विचार पुढे केला आहे.

गावाच्या नावातील जमीन

चिकलठाणा हे नाव 'चिखलठाणा' असेही लिहिले जाते. त्यातील 'ठाणे' हा शब्द संस्कृत 'स्थान' यापासून आला असून त्याचा अर्थ वस्तीची अथवा चौकीची जागा असा होतो. 'चिखल' हा शब्द कानी पडताच सुखना नदीकाठची, पावसाळ्यात पाय रुतविणारी जमीन डोळ्यांपुढे यावी, हे स्वाभाविक आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी जवळच वसविलेल्या नगराचे नाव मात्र खडकी होते. त्याचेच पुढे औरंगाबाद व 2023 साली छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठीत 'काळी' म्हणजे पिकाखालील जमीन व 'पांढरी' म्हणजे गावठाणाची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण व पडलेल्या भिंतींची माती साचून वस्तीखालील भूमीचा रंग बदलतो, हे या नावामागील निरीक्षण होय. पुस्तकांत काळ्या जमिनीस 'रेगूर' म्हणतात. तो शब्द तेलुगू 'रेगडि' यावरून आला आहे. मात्र काळ्या रंगावरून जमिनीत सेंद्रिय कर्ब भरपूर आहे, असे समजू नये. मराठवाड्यातील पुष्कळशा काळ्या जमिनींत तो कमीच आढळतो. म्हणून शेणखताची गरज काळ्या रानासही आहे.

चोपण व खारवट

बरड म्हणजे उथळ व हलकी माळजमीन, आणि मुरमाड म्हणजे मुरूम मिसळलेली जमीन. या नावांनी सहसा घोटाळा होत नाही. 'चोपण' व 'खारवट' हे शब्द मात्र सरसकट एकमेकांऐवजी वापरले जातात, आणि नुकसान येथेच होते.

चोपण या शब्दाचे नाते 'चोपणे' या क्रियापदाशी दिसते. भुई चोपून घट्ट करावी, तशी ही जमीन वाळल्यावर टणक होते. ओली असता चिकट बनते व तिच्यावर गढूळ पाणी दिवसेंदिवस साचून राहते. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हे याचे कारण होय. अशा जमिनीचा सामू बहुधा 8.5 पेक्षा अधिक असतो. खारवट जमिनीत विद्राव्य क्षारांचे प्रमाण जास्त असते. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो, पण त्याखालील माती पुष्कळदा भुसभुशीत असते.

नावे वेगळी, तसे उपायही वेगळे आहेत. खारवट जमिनीत प्रथम चर काढून निचरा साधावा व नंतर चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. तेथे केवळ जिप्सम टाकून उपयोग होत नाही. चोपण जमिनीत पाणी मुरतच नाही. म्हणून माती परीक्षणानुसार जिप्सम वरच्या थरात मिसळावे, निचऱ्याची सोय करावी आणि ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके गाडावीत. दोन्ही दोष एकत्र असल्यास जिप्समशिवाय क्षार धुऊ नयेत. तसे केल्यास जमीन अधिकच चोपण बनते.

दप्तरातील शब्द

17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुन्या महसुली कागदांत 'खुष्की' व 'तरी' हे शब्द आढळतात. फारसीत 'खुश्क' म्हणजे कोरडे व 'तर' म्हणजे ओले. अर्थात पहिली जमीन पावसावरची, तर दुसरी ओलिताची. 'जिरायत' हा शब्द अरबी 'जिराअत' म्हणजे शेती यावरून आला. मराठीत त्याचा अर्थ आकुंचित होऊन तो केवळ कोरडवाहू जमिनीस लागू झाला. 'पोटखराब' म्हणजे सर्व्हे नंबराच्या पोटातील लागवडीस अयोग्य अथवा रस्ता, पाणवठा यांसाठी राखलेले क्षेत्र. खातेदाराने कष्टाने असे अयोग्य क्षेत्र पिकाखाली आणले असल्यास नोंदीविषयी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

'खरीप' व 'रब्बी' हे शब्दही अरबी आहेत. त्यांचे मूळ अर्थ अनुक्रमे शरद व वसंत असे आहेत. ही नावे पेरणीच्या नव्हे, तर पीक हाती येण्याच्या ऋतूंवरून पडली आहेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे

1. शेतकरी जमिनीस जे नाव देतो, ते त्याच्याच शब्दांत प्रथम लिहून घ्यावे.
2. ते नाव का पडले, हे विचारावे. पाणी साचते काय, पांढरा थर येतो काय, भेगा कोठे पडतात, हे वयस्क शेतकऱ्यांस नेमके ठाऊक असते.
3. त्यानंतर मातीचा नमुना घ्यावा व परीक्षणाचा निष्कर्ष त्या नावाशी ताडून पाहावा.
4. नावावरून संशय घ्यावा. उपाय मात्र परीक्षणानंतरच सुचवावा.

शेतकऱ्याचा शब्द व प्रयोगशाळेचा आकडा यांची सांगड घातली, तरच दिलेला सल्ला त्या जमिनीस लागू पडेल.