छायाचित्रावरील लेप

भिंतीवरील छायाचित्र फिकें पडलें, कीं सारा दोष उन्हाच्या माथीं मारण्याची रीत आहे. इंकजेट यंत्रावर छापलेल्या चित्रांच्या बाबतींत हा निवाडा अपुरा ठरतो. इ. स. २००० च्या सुमारास कांहीं चकचकीत कागदांवर छापलेलीं चित्रें, उन्हाचा स्पर्श न होतांहि, थोड्याच आठवड्यांत नारिंगी दिसूं लागलीं होतीं. त्यांतील निळी शाई नाहींशी होत होती, आणि ती पळविणारा चोर होता हवेंतील ओझोन वायु.

याचें कारण कागदाच्या घडणींत आहे. अशा कागदावर सिलिका अथवा ॲल्युमिना यांच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिलेला असतो. कणांमधील फटी शाई तत्काळ शोषून घेतात, म्हणून चित्र यंत्रांतून बाहेर येतांच कोरडें लागतें. परंतु ज्या वाटेनें शाई आंत शिरते, तीच वाट हवेलाहि मोकळी असते. ज्या शाईंत रंग विरघळलेला असतो, तिचे सुटे रेणु ओझोनच्या तावडींत सहज सांपडतात. पिग्मेंट शाईंत रंगाचे घन कण असतात. कणाचा वरचा पापुद्रा झिजला तरी गाभा शाबूत राहतो.

ॲक्रिलिकच्या लेपाचें मुख्य काम या फटींचीं तोंडें बुजविणें हें होय. प्रकाशाविरुद्ध त्याचें बळ त्या मानानें बेताचें. अतिनील किरण शोषणारीं द्रव्यें त्यांत मिसळतां येतात हें खरें. पण दृश्य प्रकाशहि रंग उडवितो, आणि तो अडविला तर चित्र दिसावयाचें कसें? तेव्हां डब्यावरील संरक्षणाचीं आश्वासनें जपूनच घ्यावीं.

सुती लगद्याच्या बिनचकाकी कागदावर लेपाचा आणखी एक उपयोग दिसतो. तेथें पिग्मेंट पृष्ठभागावरच बसलेलें असतें. नखाचा ओझरता स्पर्श झाला तरी गडद काळ्या भागावर पांढुरका ओरखडा उठतो. पातळ लेप तें पिग्मेंट धरून ठेवतो.

लेप देण्यापूर्वीं चित्र निदान एक दिवस उघडें वाळवावें. शाईंतील सावकाश उडणारीं द्रव्यें आंत कोंडलीं गेलीं तर पुढें धुरकटपणा येतो. फवारा एकदां आडवा, तो सुकल्यावर एकदां उभा, असा विरळ मारावा. मुंबई-कोंकणांतील पावसाळी दमट दिवस यासाठीं वर्ज्यच समजावा. फवाऱ्यांतील द्रावक झपाट्यानें उडतो, पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेंतील बाष्प जमतें आणि काळा रंग दुधट होतो. द्रावक ज्वालाग्राही असल्यामुळें देवघरांतील समईजवळ हा उद्योग अर्थातच करूं नये. कॅनव्हासला पाण्यांत मिसळणारा लेप रुळानें देतात. विरघळलेल्या रंगाच्या शाईवर तोच दिला तर रंग ओघळण्याचें भय असतें.

तैलचित्रावरील जुनें व्हार्निश कुशल कारागीर उतरवूं शकतो. येथें लेप फटींत मुरलेला असल्यामुळें चित्राला इजा न होतां तो निघत नाहीं. म्हणून कागदावरील चित्र चौकटींत कांचेआड बसवावयाचें असेल, तर तें लेपाविना ठेवणेंच अधिक शहाणपणाचें. कांचहि हवा बरीच अडविते. मात्र कांच व चित्र यांमध्यें जाड पुठ्ठ्याची कड घालून अंतर राखावें, एरव्हीं दमट हवेंत चित्राचा पृष्ठभाग कांचेला चिकटतो. कॅनव्हासला बहुधा कांच नसते. त्याला लेप हवाच.